इन्सुलिन आणि ग्लुकोज

महोदय,

मधुमेहावरील लेखांत ‘इन्सुलिनशिवाय कोणत्याही पेशीत साखर शिरत नाही’ असे सरसकट लिहिले जाते, ते बरोबर नाही. मेंदू व तांबड्या रक्तपेशी इन्सुलिनवाचूनही ग्लुकोज घेतात. यकृतावर इन्सुलिनचा मुख्य परिणाम म्हणजे तेथून रक्तात सुटणाऱ्या साखरेला आवर बसणे. स्नायू आणि चरबीच्या पेशींत मात्र ‘ग्लुट-४’ ही वाहक प्रथिने एरवी आत दडलेली असतात व इन्सुलिनचा संदेश मिळताच मोठ्या संख्येने पृष्ठभागावर येऊन ग्लुकोज आत घेतात. स्नायूंच्या आकुंचनानेही, इन्सुलिनची वाट न पाहता, ती वर येतात. म्हणूनच जेवणानंतर चालल्याने इन्सुलिन-प्रतिरोध (पेशींनी इन्सुलिनला पुरेशी दाद न देणे) असलेल्यांचीही रक्तशर्करा उतरते. ‘चालत जा’ असे सांगणाऱ्या डॉक्टरांनी (वेळ मिळाल्यास) हे कारणही रुग्णाला सांगावे.

— एक वाचक, पुणे