संक्रांतीच्या आधी, मेलबर्नहून

मेलबर्न
रविवार, ११ जानेवारी २०२६

ती. आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर आईचा आवाज भरून येतो आणि माझं सांगायचं राहून जातं, म्हणून लिहायला बसले. दादा, हे मोठ्या अक्षरात छापून आईच्या हातात दे.

आधी खुशाली. मी बरी आहे, अगदी मनापासून सांगते. डिसेंबरच्या लुपसच्या तपासणीत लघवीतून प्रथिनं जात नाहीत असं आलं, म्हणजे मूत्रपिंडं नीट आहेत. स्टिरॉइड पाच मिलिग्रॅमवर आलंय. सकाळी उठल्यावर बोटं अजून आखडतात. गरम पाण्याच्या पातेल्यात दहा मिनिटं हात बुडवून ठेवले की मूठ वळते. मग त्याच उरलेल्या पाण्यात भाकरीचं पीठ मळते, म्हणजे एक काम वाचतं.

आई, तू परत विचारलंस, "आमच्याकडून काय चुकलं गं?" काहीही चुकलं नाही. लुपसमध्ये शरीराची राखण करणाऱ्या पेशी स्वतःच्याच शरीरावर उठतात. दहा रुग्णांत नऊ बायका असतात, त्याही बहुतेक माझ्या वयाच्या. तुझ्या बाळंतपणातल्या काविळीचा याच्याशी काही संबंध नाही. दृष्ट नाही, ग्रह नाहीत. आणि हा संसर्ग नव्हे, तेव्हा कोपऱ्यावरच्या काकूंनी माझा पेला वेगळा ठेवायची गरज नाही.

गुळवेलाचा डबा मिळाला. तू स्वतः वेल आणून वाळवलीस हे डबा उघडल्या उघडल्या वासावरून कळलं. पण तो काढा मी घेणार नाही. गुळवेल प्रतिकारशक्ती वाढवते म्हणून आपण घेतो, आणि माझी तीच तर आवरायची आहे. मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेल घेऊन यकृत सुजलेल्या सहा जणांची नोंद छापली. आयुष मंत्रालयाने ती मान्य केली नाही, पण माझ्यासारखीने धोका का पत्करावा? डबा टाकलेला नाही. कपाटात आहे.

लसूण बंद करायचा का, असं बाबांनी विचारलं होतं. फोडणीतल्या चार पाकळ्यांना डॉक्टरांची हरकत नाही, लसणाच्या कॅप्सूल मात्र घ्यायच्या नाहीत. खरी जपायची गोष्ट वेगळीच निघाली. इथे सँडविचमध्ये बारीक केसांसारखे हिरवे मोड भरतात. ते अल्फाल्फा म्हणजे आपला लसूणघास, आपण म्हशीपुढे टाकतो तो! त्याच्या बियांत आणि मोडांत एक द्रव्य असतं. १९८२ साली माकडांना हे मोड खायला घातले, तर त्यांना लुपससारखाच आजार झाला. आल्यावर दोन वर्षं दुपारच्या जेवणात मी तेच सँडविच खात होते. आजार त्यानेच झाला असं कोणी म्हणत नाही, पण आता डबा घरूनच नेते.

डब्यात काय, ते तुम्हाला ठाऊकच आहे. नाचणीची भाकरी वाढवलीय, कारण स्टिरॉइडने हाडं झिजतात आणि शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम मिळतं. मीठ दिवसाला सपाट एक चमचा, स्वयंपाकातलं, लोणच्यातलं सगळं धरून. तुझं कैरीचं लोणचं जपून जपून बोटाने चाटते. आणि एक कबूल करते. माशाच्या तेलाची कॅप्सूल घेते. घरात तुळशीची माळ आहे, मला माहीत आहे. आधी जवसाच्या चटणीवर भागवून पाहिलं, पण जवसातलं ओमेगा-३, म्हणजे हृदयाला चांगलं असं स्निग्ध द्रव्य, शरीरात फार थोडं लागू पडतं. कॅप्सूलने लुपस बरा होतो असं नाही, काहींना गुण आला, काहींना नाही. पण या आजारात हृदय सांभाळावं लागतं. आजीला सांगायचंच असेल तर औषध म्हणून सांगा.

हे सगळं खाणंपिणं वरचं. मुख्य काम गोळीचं, आणि ती मी सोडणार नाही. बाबा म्हणतात ती "कोरोनाची गोळी" तीच, हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन. २०२० मध्ये सगळे तिच्यामागे लागले, तेव्हा लुपसच्या लोकांना ती मिळेनाशी झाली होती. वजन ६० किलो, किलोमागे पाच मिलिग्रॅमच्या वर जायचं नाही, म्हणून दोनशेची एक दिवस एक, दुसऱ्या दिवशी दोन. डोळ्यांच्या पडद्याला त्रास होऊ नये म्हणून तपासणी करून घेतलीय. गोळी जेवणासोबत घ्यावी लागते, त्यामुळे संकष्टीचा उपास सोडला. चंद्रोदयाला हात जोडते, तेवढं चालवून घ्या.

आता उन्हाचं. "एवढ्या उन्हाच्या देशात कशाला राहतेस?" या तुझ्या प्रश्नाचं उत्तर नीट देते. उन्हातल्या अतिनील किरणांनी लुपस उसळतो, हे खरं. पण उन्हाला इथल्याइतकं मनावर घेणारे लोक मी कुठे पाहिले नाहीत. इथे सत्तरी गाठेपर्यंत तिघांतल्या दोघांना त्वचेचा कर्करोग झाल्याचं निदान होतं. म्हणून १९८१ साली एका सीगल पक्ष्याचं चित्र घेऊन सरसकट सगळ्यांना शिकवायला सुरुवात झाली: अंगात सदरा घाला, क्रीम चोपडा, डोक्यावर टोपी चढवा. माझ्या खिडकीसमोर प्राथमिक शाळा आहे. मधल्या सुट्टीत सगळी पोरं रुंद काठाच्या टोप्या घालून बाहेर येतात. टोपी विसरला त्याला खेळायला नाही, सावलीत बसायचं! नोव्हेंबरात एक चिमुरडा तसा बसला होता. रडला नाही, कोणी रागावलं नाही, गुडघ्यांवर हनुवटी ठेवून तो खेळ बघत राहिला. मला पहिल्यांदा फार कठोर वाटलं. आपण पोरांना ऊन लागेल म्हणून दुपारी घरात बोलावतो, इथे उन्हाचा चटका जाणवला नाही तरी अंग भाजतं म्हणतात. आणि ते खरंच आहे: अतिनील किरणांचा जोर सांगणारा आकडा तीन किंवा वर गेला की झाकून घ्यायचं, तो फोनवर तापमानाशेजारी दिसतो, आणि आकाश ढगाळ, हवा गार असली तरी तो चढतो. हल्ली तर अकरा-बाराला पोचतो. म्हणून लांब बाह्या, टोपी, दर दोन तासांनी क्रीम. सांगलीत मी अशी निघाले असते तर गल्लीने वळून पाहिलं असतं. इथे बसमध्ये शेजारची बाई तशीच असते. उन्हात जात नाही म्हणून ड जीवनसत्त्व कमी पडलं होतं, आता रोज हजार युनिटची गोळी आहे.

दादाच्या लग्नाला मी येणार, नक्की. सतरा मेपासून अधिक महिना लागतोय म्हणून त्याआधीचा मुहूर्त धरलात, ते बरं केलंत. फक्त हळद अंगणात असेल तर सकाळी सातच्या आत उरका, आणि वरातीत मी नसेन. वाईट वाटेल, पण आजारी पडून तुमच्या आनंदावर पाणी टाकण्यापेक्षा ते बरं. मी एक लाख पाठवलेत, मंगळवारपर्यंत जमा होतील. बाबा, माझ्या औषधासाठी एफडी मोडू नका. इथे सरकारी योजनेत औषधं स्वस्त पडतात.

आता आई, रागावू नकोस. कराडच्या स्थळाला "आत्ता सांगू नको, लग्नानंतर बघू" म्हणालीस ना? मी सांगून टाकलं. गुरुवारी मीच फोन केला. मुलं होऊ शकतात, पण आजार निदान सहा महिने शांत असावा लागतो आणि आधी औषधं बदलावी लागतात, हेही सांगितलं. तुम्हाला न विचारता केलं, याचं मला फार वाटतंय. पण लपवून त्या घरात पाऊल टाकलं असतं तर रोज गोळी कुठे घेतली असती? त्याने आठवड्याचा वेळ मागितलाय. त्याच्या आईचा फोन आला तर खरं तेच सांग.

आजीला नमस्कार. तिळगूळ घ्या, गोड बोला.

तुमची,
चिमू

ता. क. आई, गेल्या दिवाळीत व्हिडिओवर बघून "बाळसं धरलंस" म्हणालीस आणि केवढी खूश झालीस. ते बाळसं नव्हतं, स्टिरॉइडची सूज होती. तेव्हा सांगवलं नाही. आता चेहरा बराच उतरलाय. पुढच्या रविवारी दिवा लावून बसेन, नीट बघ.