उत्तरे देणाराच दिवस ठरवणार?

नागपूरचे हिवाळी अधिवेशन आठवडाभरात उरकण्याच्या निर्णयावरील अग्रलेख पटला. राज्यघटनेच्या अनुच्छेद १७४ नुसार दोन अधिवेशनांत सहा महिन्यांचे अंतर पडू नये, एवढेच बंधन आहे. कामकाज किती दिवस चालावे, याबाबत घटना काहीच सांगत नाही. ही पळवाट सत्तेवर येणाऱ्या प्रत्येक पक्षाला सोयीची वाटते. घटना पुनर्विलोकनासाठी नेमलेल्या न्या. वेंकटचलय्या आयोगाने २००२ मध्ये मोठ्या विधानसभांसाठी वर्षाला किमान ९० दिवसांची शिफारस केली होती. (आपल्याकडे तर २८८ आमदार आहेत!) अधिवेशन राज्यपाल बोलावतात खरे, पण सल्ला मंत्रिमंडळाचा. म्हणजे ज्यांनी उत्तरे द्यायची, तेच प्रश्नोत्तरांचे दिवस ठरवणार. निदान वर्षाच्या सुरुवातीलाच बैठकांचे वेळापत्रक जाहीर करण्याची सक्ती कायद्याने करावी.

– एक वाचक, नागपूर