फळा वाचता आला पाहिजे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी अमळनेर तालुक्यातल्या एका खेड्यात दहावीला गणित शिकवतो. शाळा-शाळांतून आणि शेतकऱ्यांसाठी व्हिडिओ तयार करणाऱ्या मंडळींपर्यंत एक गोष्ट पोहोचावी म्हणून हे पत्र: व्हिडिओ जुन्या संगणकावरही नीट चालावा.

आमच्या संगणक कक्षात नऊ संगणक आहेत, सगळे जुने. दोन कोअरचा प्रोसेसर, ४ जीबी रॅम, पडदा १३६६ बाय ७६८ पिक्सेलचा, म्हणजे तेवढ्या ठिपक्यांचा. यंदा गणिताचे तयार पाठ पेन ड्राइव्हवर मिळाले, तेव्हा मुले हरखून गेली होती. वर्तुळाला बाहेरच्या बिंदूतून स्पर्शिका काढायचा पाठ लावला. पडद्यावरच्या शिक्षकांनी कंपासचे टोक बिंदूवर टेकवले आणि चित्र थिजले. पुन्हा हलले तेव्हा कंस काढून झालेला होता. कंपास कसा धरला, किती उघडला, कुठून कुठे फिरवला, यातले काहीच मुलांच्या नजरेस पडले नाही. मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "सर, आवाज पुढे जास नि चित्र मांगे ऱ्हास." तिने नेमके दुखणे सांगितले होते.

तो व्हिडिओ १०८०पीचा, म्हणजे उंचीला १०८० पिक्सेलचा, आणि सेकंदाला ६० फ्रेमचा, म्हणजे ६० स्थिर चित्रांचा होता. एका फ्रेममध्ये १९२० गुणिले १०८० म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० पिक्सेल. असे ६० वेळा, म्हणजे दर सेकंदाला सुमारे १२ कोटी ४४ लाख पिक्सेल संगणकाने उलगडायचे. त्यात आमच्या पडद्यावर एवढे पिक्सेलच नाहीत, म्हणजे उलगडलेले चित्र पुन्हा लहान करण्याचे कामही त्याच्याच माथी. भरीला फाइल छोटी व्हावी म्हणून एच.२६५ पद्धतीने दाबलेली. ही पद्धत २०१३ची. ती उलगडण्याची सोय आमच्या जुन्या ग्राफिक्स चिपमध्ये नाही, त्यामुळे सगळा भार प्रोसेसरवर पडतो. तो मागे पडला की फ्रेम गाळतो, आवाज मात्र आपल्या चालीने पुढे जातो. एप्रिलात पारा ४४-४५ वर गेला की दुपारच्या तासाला आणखी हाल. तापलेला प्रोसेसर स्वतःला जपण्यासाठी वेग कमी करतो. सकाळी कसाबसा चाललेला पाठ दुपारी पुरता अडखळतो.

सुरुवातीला मी हँडब्रेक हे मोफत सॉफ्टवेअर वापरून सगळे पाठ सरसकट ४८०पी, ३० फ्रेमवर आणले. व्हिडिओ सुरळीत चालू लागले, पण बीजगणिताच्या पाठात 'क्ष'वरचा घातांक २ आहे की ३, तेच कळेना. मग हिशेब मांडला. ४८०पीला ३० फ्रेम म्हणजे सेकंदाला सुमारे १ कोटी २३ लाख पिक्सेल. ७२०पीला १५ फ्रेम म्हणजे सुमारे १ कोटी ३८ लाख. संगणकावरचा बोजा जवळपास तेवढाच, पण दुसऱ्यात फळ्यावरचे अक्षर स्वच्छ वाचता येते. फळ्यावर लिहिणारा हात सेकंदाला १५ फ्रेममध्येही पुरेसा दिसतो, कारण मुलांचे डोळे लिहिलेल्या ओळीवर असतात. भूमितीच्या रचनांना मात्र १५ फ्रेम पुरत नाहीत, कंपास झटके देत फिरतो. ते पाठ ७२०पी, ३० फ्रेमवर ठेवले आणि सगळेच एच.२६४ या जुन्या, उलगडायला हलक्या पद्धतीत बदलून घेतले. दुसऱ्या दिवशी तोच स्पर्शिकेचा पाठ लावला. कंस एका फिरकीत पूर्ण झाला, मागच्या बाकावरच्या त्या मुलीनेही वहीत काढला.

सिनेमा आपण वर्षानुवर्षे सेकंदाला २४ फ्रेमवरच पाहत आलो आहोत, मग पाठाला ६० कशाला? कबड्डीतली पकड किंवा धावपटूची पहिली पावले शिकवायची असतील तर फ्रेम राखाव्यात आणि रिझोल्यूशन, म्हणजे चित्रातले पिक्सेल, उतरवावे. केळीवरचा करपा ओळखायला शिकवायचा असेल तर उलट करावे. पानावरच्या सुरुवातीच्या बारीक पिवळसर रेषा धूसर झाल्या तर रावेर-यावलच्या शेतकऱ्याने बांधावर उभे राहून जुन्या मोबाइलवर तो व्हिडिओ पाहून काय करायचे? पान जागचे हलत नाही, तिथे १५ फ्रेमही पुष्कळ झाल्या.

इंटरनेटवर पाहताना व्हिडिओचा दर्जा आपोआप कमी-जास्त होतो, हे खरे. पण तो बहुतांशी नेटचा वेग पाहून ठरतो. नेट चांगले आणि यंत्र दुबळे, अशी गाठ पडली की तिथेही हीच रखडपट्टी. पेन ड्राइव्हवरच्या फाइलला तर तीही सोय नाही.

म्हणून व्हिडिओ करणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. मोठ्या फाइलसोबत एक हलकी फाइल द्या, एच.२६४मधली, ७२०पीची. फ्रेम कमी करताना निम्म्या किंवा पाव करा, ६०च्या ३० किंवा १५. ६०च्या २५ केल्या तर हालचाल अडखळत दिसते. मुळातच २५ फ्रेमवर चित्रण केले तर फार उत्तम. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे वर्गातल्या ट्यूबलाइटखाली ३० फ्रेमवर घेतलेल्या चित्रात कधी कधी उजेडाचे पट्टे सरकताना दिसतात, २५वर ते टळतात. आणि फाइल पाठवण्यापूर्वी एकदा आपल्याकडच्या सर्वांत जुन्या संगणकावर, भर दुपारी, सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालवून पाहा.

आमच्या कक्षात अजून अठरा पाठ बदलायचे राहिले आहेत. एका संगणकावर एक पाठ बदलायला जवळजवळ अख्खी दुपार जाते. तयार करणाऱ्यांकडे हेच काम काही मिनिटांत होईल.

आपला विश्वासू,
एक गणित शिक्षक
ता. अमळनेर, जि. जळगाव