आधी बंब, मग पॅरामेडिक: किंग काउंटीहून बाबांना पत्र

रेंटन, वॉशिंग्टन राज्य

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

इकडे ९११ या आणीबाणीच्या क्रमांकाला फोन केला तर नेमके कोण येते आणि त्यांचा पगार कोण देते, असे तुम्ही गेल्या पत्रात विचारले होते. जिल्हा परिषदेच्या अर्थ विभागात हयात घालवलेला माणूस हेच विचारणार! म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमचे रेंटन किंग काउंटीत येते. काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग. सिअ‍ॅटल धरून तीत ३९ शहरे आहेत आणि लोकसंख्या २२ लाखांच्या वर आहे. हार्बरव्ह्यू रुग्णालयातील डॉ. लिओनार्ड कॉब आणि सिअ‍ॅटलच्या अग्निशमन दलाचे प्रमुख गॉर्डन व्हिकरी यांनी १९७० साली दलाच्या जवानांनाच हृदयविकारावरील तातडीचे उपचार शिकवले आणि ‘मेडिक वन’ ही सेवा सुरू केली. रुग्णाला गाडीत घालून रुग्णालयाकडे धावण्यापेक्षा रुग्णालयातले उपचारच त्याच्या घरी न्यावेत, हा त्यामागचा विचार होता आणि आजची सारी रचना त्यावरच उभी आहे.

या रचनेत माणसांचे दोन थर आहेत. पहिला थर ईएमटींचा, म्हणजे तातडीचे प्राथमिक उपचार करणाऱ्या तंत्रज्ञांचा. हे बहुतेक अग्निशमन दलाचेच जवान असतात. प्राणवायू देणे, रक्तस्राव थांबवणे, छाती दाबणे, हृदयाला विजेचा झटका देणे एवढे त्यांना येते. दुसरा थर पॅरामेडिकांचा. त्यांना वॉशिंग्टन विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात, मुख्यतः हार्बरव्ह्यूमध्ये डॉक्टरांच्या हाताखाली, दोन हजारांहून अधिक तासांचे प्रशिक्षण घ्यावे लागते. ते शिरेतून औषधे देतात, श्वासनलिकेत नळी घालतात आणि हृदयाचा आलेख वाचून रुग्णालयाला आधीच सावध करतात. प्रत्येक पॅरामेडिक वैद्यकीय संचालक असलेल्या डॉक्टरच्या अधिकाराखाली काम करतो आणि त्याने हाताळलेल्या गंभीर रुग्णांची मागाहून तपासणी होते.

ही पॅरामेडिक सेवा काउंटीतील पाच संस्था चालवतात. सिअ‍ॅटल, बेलव्ह्यू, रेडमंड आणि शोरलाइन येथे ती अग्निशमन दलाकडे आहे. आमच्या दक्षिण भागात मात्र पॅरामेडिक थेट काउंटीच्या सार्वजनिक आरोग्य विभागाचे कर्मचारी आहेत. प्रत्येक गाडीवर दोघे पॅरामेडिक असतात. मला सर्वांत शहाणपणाची वाटलेली गोष्ट अशी की पॅरामेडिकांची संख्या इथे मुद्दाम मर्यादित ठेवली आहे. माणसे वाढवली की प्रत्येकाच्या वाट्याला गंभीर रुग्ण कमी येतात आणि हात बसलेला राहत नाही, असा त्यामागचा हिशेब आहे. नवी पदे मंजूर झाली म्हणजे सेवा सुधारली, अशी आपल्याकडची समजूत मनात घेऊन मी इकडे आलो होतो, त्यामुळे हे पचायला थोडा वेळ लागला.

मध्यंतरी शेजारच्या आजोबांच्या छातीत दुखू लागले, तेव्हा दारात आधी आगीचा बंब येऊन उभा राहिला. आग नसताना बंब कशाला, असे कोणालाही वाटेल. पण अग्निशमन केंद्रे वस्तीवस्तीत विखुरलेली असल्याने पहिली मदत तिथूनच सर्वांत लवकर पोहोचते. जवानांनी आजोबांना खुर्चीत बसते ठेवूनच रक्तदाब घेतला आणि एकाने आजींकडून रोजच्या औषधांच्या बाटल्या मागवून नावे उतरवून घेतली. तेवढ्यात पॅरामेडिक आले, त्यांनी छातीवर तारा लावून आलेख काढला आणि तो पाहतापाहताच एकाने रुग्णालयाशी बोलणे सुरू केले. धावाधाव नाही, आरडाओरडा नाही. आजोबा आता बरे आहेत.

अर्थात पॅरामेडिक प्रत्येक फोनला येत नाहीत. कोणाला पाठवायचे हे फोन घेणारी व्यक्ती ठरावीक लक्षणे विचारून ठरवते. पाय मुरगळला असेल तर ईएमटी पुरतात. कोणी निपचित पडून श्वास घेत नसेल, तर तीच व्यक्ती फोनवरून छाती कशी दाबायची ते सांगत राहते. ही पद्धत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला याच काउंटीत घडवली गेली. लोकांसमोर हृदय बंद पडलेल्या आणि विजेचा झटका देण्याजोग्या स्थितीत सापडलेल्या रुग्णांपैकी जवळजवळ निम्मे इथे जगून घरी परततात, त्यात या फोनवरच्या आवाजाचा वाटा मोठा आहे.

आता पैशाचे. १९७९ पासून यासाठी मालमत्तेवर स्वतंत्र कर आहे आणि तो मुदतीचा असल्यामुळे पुन्हा पुन्हा मतदारांपुढे मंजुरीसाठी जातो. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये मतदारांनी २०२० ते २०२५ या सहा वर्षांसाठी तो मंजूर केला, तेव्हा पहिल्या वर्षाचा दर दर हजार डॉलर मूल्यांकनामागे साडेसव्वीस सेंट होता. म्हणजे आठ लाख डॉलरच्या घराला वर्षाचे २१२ डॉलर. पॅरामेडिक सेवेचा खर्च या करातून भागतो, ईएमटींच्या खर्चाला मात्र त्यातून अंशतःच हातभार लागतो आणि उरलेला भार स्थानिक अग्निशमन दले आपल्या उत्पन्नातून उचलतात. शिवाय चालू मालमत्तांवरील वसुली वर्षाला एका टक्क्याहून अधिक वाढवायला राज्याच्या कायद्याने मनाई आहे, त्यामुळे महागाई वाढली की हिशेब जुळवताना यांचीही दमछाक होते. त्या ताळेबंदावर नजर टाकायला तुम्हाला नक्की आवडेल.

आपल्या १०८ च्या गाडीवर डॉक्टर असतो, हे इथल्या सहकाऱ्यांना सांगितले तेव्हा त्यांना फार नवल वाटले. दादाच्या तालुक्यात अशा गाड्या किती आणि रात्रपाळीला डॉक्टर खरोखर असतो का, ते त्याला विचारून कळवावे. उन्हाळ्यात इकडे येताना आईच्या आणि तुमच्या औषधांची यादी इंग्रजीत लिहून आणा. ती फ्रिजच्या दारावर लावून ठेवू. वेळ आलीच तर ९११ वर आधी पत्ता सांगायचा आणि मग ‘मराठी’ एवढाच शब्द उच्चारायचा, म्हणजे ते दुभाष्याला फोनवर घेण्याचा प्रयत्न करतात.

आईला नमस्कार, चिमण्यांना आशीर्वाद.

तुमचा,
धाकटा