शेवटचा हप्ता का थांबवला : बाथरूमच्या निकृष्ट कामाबद्दल तक्रार

प्रति,
माननीय व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : बाथरूम नूतनीकरणाचे सदोष काम, थांबवलेला शेवटचा हप्ता आणि जादा कामाचे बिल.

महोदय,

आपल्या कार्यालयाचे दुसरे स्मरणपत्र मिळाले. शेवटचा २० टक्क्यांचा हप्ता मी ‘विनाकारण’ थकवला आहे, असे त्यात लिहिले आहे. हा शब्द मला फार लागला. आपल्या सुपरवायझरना मी तीनदा तोंडी आणि एकदा लेखी कारण सांगितले आहे. आधीचे ८० टक्के ठरल्या दिवशी चुकते केले आहेत, एकदाही उशीर केलेला नाही. पैसे बुडवायचा माझा विचार असता, तर पहिल्यापासूनच टाळाटाळ केली असती.

काम संपल्यावर नवव्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या काकूंनी मला बोलावून त्यांच्या खोलीचे छत दाखवले. ताटाएवढा तपकिरी डाग, मधोमध रंगाचा पोपडा सुटलेला, खाली अंथरलेले वर्तमानपत्र भिजून लगदा झालेले. त्या एका शब्दानेही वाकड्या बोलल्या नाहीत. मला तेच जास्त जड गेले, कारण त्यांच्या घरात पाणी माझ्या घरातून येते आहे.

सुपरवायझर म्हणाले, ‘जुना पाइप गळत असेल, तो आमच्या कामात नव्हता.’ मी याची खातरजमा केली. चार दिवस ते बाथरूम अजिबात वापरले नाही, मात्र पुरवठ्याचा मुख्य व्हॉल्व्ह चालूच ठेवला. पुरवठ्याच्या पाइपात नळ बंद असतानाही पाण्याचा दाब असतो. पाइप गळत असता, तर बाथरूम कोरडे असूनही खालची ओल वाढतच गेली असती. झाले उलट. डागाच्या कडा सुकू लागल्या. पाचव्या दिवशी आम्ही दोघांनी अंघोळी केल्या आणि संध्याकाळपर्यंत छताला पुन्हा थेंब लोंबकळू लागले. म्हणजे पुरवठ्याचा पाइप गळत नाही. पाणी बहुधा फरशीतून किंवा नहाणी ट्रॅपच्या (फरशीतले पाणी वाहून जाण्याच्या तोंडाच्या) कडेने उतरते आहे, आणि ही दोन्ही कामे आपली आहेत.

वर्क ऑर्डरमध्ये स्पष्ट लिहिले आहे : वॉटरप्रूफिंगचे दोन हात, भिंतीवर एक फूट उंचीपर्यंत, आणि टाइल बसवण्यापूर्वी ४८ तास पाणी साठवून चाचणी. मी रोज कामाचे फोटो काढत होते. सकाळच्या फोटोत पहिला हात ओला चमकतो आहे. त्याच संध्याकाळच्या फोटोत त्यावर माल पसरून टाइलच्या दोन ओळी बसलेल्या आहेत. म्हणजे दुसरा हात मारलाच नाही, आणि ४८ तासांची चाचणी एका दिवसात होणे शक्यच नाही. त्या रसायनाचा डबा अजून माझ्या बाल्कनीत पडून आहे, अर्ध्याहून जास्त भरलेला. पहिला हात पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा मारू नये, अशी सूचना त्याच डब्यावर छापलेली आहे. यात गवंड्याला मी दोष देत नाही. ‘आजच टाइल लावा, उद्या दुसऱ्या साइटवर जायचंय’ हा सुपरवायझरचा फोन त्याला आला, तेव्हा मी तिथेच उभी होते.

ढाळाचीही तीच गत. नहाणी ट्रॅपकडे मीटरला साधारण एक सेंटिमीटर तरी उतार हवा. माझ्याकडे बादलीभर पाणी ओतले की ते दाराकडे पळते आणि कोपऱ्यात डबके करून तासभर बसते. मी फरशीवर गोटी ठेवून पाहिली, तीही उंबऱ्याशी जाऊन थांबली. माझे वडील वयस्कर आहेत, रात्री दोनदा उठतात. त्यांचा पाय त्या डबक्यात घसरेल, या धास्तीने मी रोज झोपण्यापूर्वी कोपरा पुसून घेते. नाणे वाजवून पाहिले, तर फरशीच्या ११ टाइल पोकळ वाजतात. खाली माल सगळीकडे भरलेला नाही. त्या टाइलवर मी खडूने खुणा करून ठेवल्या आहेत.

‘दरजांवर सिलिकॉन मारून देतो’ हा आपला तोडगा मला मान्य नाही. पाणी अडवण्याचे काम टाइलखालच्या थराचे असते, दरजांचे नव्हे. वरून सिलिकॉन मारल्याने दोष झाकला जाईल, पाणी दुसरी वाट शोधेल.

जादा गिलाव्याचे बिलही मी नाकारत आहे. ‘जुनी टाइल काढून भिंत ओळंब्यात करणे’ ही बाब मूळ कोटेशनमध्येच आहे. जादा कामाला माझी लेखी संमती लागेल, ही अट आपणच घातली होती. तशी संमती कोणी मागितली नाही, मी दिलेली नाही.

विजेचे काम आणि बेसिनची जोडणी मात्र चोख झाली आहे. शेवटच्या हप्त्यातला त्यांचा वाटा वेगळा काढून कळवा, मी लगेच भरते. उरलेली रक्कम फरशी उखडून योग्य ढाळ काढल्यावर, वॉटरप्रूफिंगचे दोन हात दिल्यावर आणि ४८ तासांची चाचणी माझ्या व काकूंच्या समोर पार पडल्यावरच देईन. फरशीसोबत भिंतीची खालची ओळही काढावी लागेल, नाहीतर थर वर चढणार नाही. काकूंचे छतही आपल्याच खर्चाने दुरुस्त करून द्यावे. आपल्याला माझ्या निष्कर्षाबद्दल शंका असेल, तर दोघांना मान्य असलेल्या त्रयस्थ अभियंत्याकडून पाहणी करून घेऊ. तिचा निम्मा खर्च मी देईन, आणि दोष आपला ठरला तर तो मला परत मिळावा.

सात दिवसांत लेखी उत्तर आणि काम सुरू करण्याची तारीख कळवावी. तोपर्यंत वसुलीचे फोन थांबवावेत. उत्तर न आल्यास मी दुसऱ्याकडून काम करून घेईन, त्याचा खर्च थांबवलेल्या रकमेतून वळता करीन आणि ग्राहक तक्रार निवारण यंत्रणेकडे दाद मागेन. फोटो, वर्क ऑर्डर, हप्त्यांच्या पावत्या आणि काकूंचे सहीचे पत्र सोबत जोडले आहे. रसायनाचा डबा मी हलवलेला नाही, आपला माणूस येऊन पाहू शकतो.

आपली ग्राहक