आजार बरा झाला नाही, तरी आशा खोटी ठरत नाही

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पुनरुत्थानाचा सण, म्हणजे ईस्टर, जवळ आला की आमच्या भागात चंगाई सभांचे, म्हणजे आजार बरे व्हावेत म्हणून भरणाऱ्या प्रार्थनासभांचे, फलक लागू लागतात. या सभांना जाणाऱ्यांची श्रद्धा मी कमी लेखत नाही आणि देव आजाऱ्यांना बरे करतो, हाही माझा विश्वास आहे. मात्र ख्रिस्ती आशा म्हणजे बरे होण्याची हमी, असा जो समज या फलकांमुळे आमच्या लोकांत आणि इतर समाजातही रुजत चालला आहे, त्याविषयी एक ख्रिस्ती वाचक आणि एक रुग्ण या दोन्ही नात्यांनी काही लिहिणे मला आवश्यक वाटते.

मी निवृत्त शिक्षिका आहे. डॉक्टर ज्याला रुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात, तो आमवात मला आहे. या आजारात शरीराची संरक्षक यंत्रणाच स्वतःच्या सांध्यांवर उलटते. औषधांनी तो बराचसा आटोक्यात राहतो, पण मुळासकट जाईल असे डॉक्टर सांगत नाहीत. सकाळी बराच वेळ मूठ वळत नाही, गॅसचे बटण तळहाताने रेटून फिरवावे लागते आणि गोळ्यांच्या पट्टीतून गोळी बाहेर काढून देण्यासाठी शेजारच्या मुलीला हाक मारावी लागते. भेटायला येणाऱ्यांपैकी काही जण प्रार्थना करून जाताना हलक्या आवाजात म्हणतात, "ताई, विश्वास कुठेतरी कमी पडतोय." बोलणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, हे मी जाणते. तरीही ज्याच्या अंगात आधीच दुखणे आहे त्याच्या माथी अविश्वासाचा दोषही मारणे हे शुभवर्तमानात बसत नाही, असे मला स्पष्टपणे म्हणायचे आहे. प्रेषित पौलाने आपल्याला छळणारी व्यथा, जिला तो देहातील काटा म्हणतो, ती दूर व्हावी म्हणून प्रभूला तीनदा विनवले, असे तो करिंथकरांस लिहितो. तो काटा निघाला नाही. कृपा पुरेशी आहे, एवढेच उत्तर त्याला मिळाले. पौलाचा विश्वास कमी पडला, असे आजवर कोणत्याही पाळकांनी व्यासपीठावरून सांगितल्याचे मी ऐकलेले नाही.

घराबाहेरचे वातावरणही मन खचवणारेच आहे. सकाळी सुविचार पाठवणारी माणसे दुपारपर्यंत दुसऱ्या जातीधर्माविषयी विखारी मजकूर पुढे ढकलतात, आणि घरात प्रार्थनेसाठी चार शेजारी जमले तरी त्यांच्याकडे संशयाने पाहिले जाते. स्पर्धा परीक्षांत उमेदीची वर्षे घालवलेली मुले घरच्यांची नजर चुकवत वावरतात, तर ज्यांची मुले परदेशी स्थायिक झाली त्या वृद्धांचा दिवस व्हिडिओ कॉलची वाट पाहण्यात जातो. आम्ही ख्रिस्ती या सगळ्यापासून अलिप्त आहोत, असेही नाही. मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, मिळकतींवरून एकमेकांविरुद्ध न्यायालयात उभे राहणारे लोक रविवारी एकाच उपासनेत बसतात, आणि याचे दुःख मला बाहेरच्या कोणत्याही टीकेपेक्षा अधिक होते.

अशा स्थितीत ख्रिस्ती माणूस आशा कशाच्या आधारावर धरतो? रक्ततपासणीचा अहवाल सुधारेल किंवा पुढच्या निवडणुकीनंतर समाज सुधारेल, या अंदाजावर ती उभी नाही. ती एका घडलेल्या गोष्टीवर उभी आहे: वधस्तंभावर मारला गेलेला येशू तिसऱ्या दिवशी उठला. योहानाच्या शुभवर्तमानातील त्यानंतरचा प्रसंग मला दुखण्यात सर्वांत जवळचा वाटतो. पुनरुत्थित प्रभू आपला शिष्य थोमा याला आपले हात दाखवतो, तेव्हा त्या हातांवर खिळ्यांचे व्रण असतात. मरणावर विजय मिळवलेल्या देहावरूनही जखमांच्या खुणा पुसल्या गेल्या नाहीत; उलट त्याच त्याची ओळख ठरल्या. म्हणून माझी वाकडी झालेली बोटे हा देवाने मला टाकून दिल्याचा पुरावा आहे, असे मी मानत नाही. आणि दुखण्याबद्दल कुरकुर करणे म्हणजे पाप, असेही मी मानत नाही; बेचाळिसाव्या स्तोत्रातील भक्त तू का खिन्न झालास, असे स्वतःच्याच जिवाला विचारतो आणि त्याच दमात देवाची आशा धर, असेही त्याला बजावतो.

याचे उदाहरण शोधायला आपल्याला महाराष्ट्राबाहेर जावे लागत नाही. पंडिता रमाबाईंचे आईवडील आणि पाठोपाठ थोरली बहीण दुष्काळातील उपासमारीत गेली, १८८० मध्ये भाऊ गेला आणि १८८२ मध्ये पती. त्या १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या, तेव्हा वैद्यकीचे शिक्षण घेण्याची त्यांची इच्छा होती. वाढत्या बहिरेपणामुळे ते दार बंद झाले. तो बहिरेपणा शेवटपर्यंत गेला नाही. त्या काळचा समाज आजच्यापेक्षा सौम्य होता, असे समजण्याचेही कारण नाही: ख्रिस्ती धर्म स्वीकारल्याबद्दल त्यांच्यावर वर्तमानपत्रांतून प्रहार झाले, विधवा व मुलींसाठी त्यांनी चालवलेल्या पुण्यातील शारदा सदनातून अनेक पालकांनी मुली काढून नेल्या, आणि त्यानंतर काही वर्षांतच दुष्काळ व प्लेग आले. त्या दुष्काळात रमाबाई बैलगाडी आणि आगगाडीने हिंडून उपासमार झालेल्या शेकडो मुलींना दौंड तालुक्यातील केडगावी, मुक्ती सदन या आपल्या आश्रमात घेऊन आल्या. तेथे अंध स्त्रियांसाठी बार्तिमी सदन उभे राहिले, आणि रमाबाईंची कन्या मनोरमा त्यांना ब्रेल शिकवीत असे. सामान्य स्त्रीला समजेल अशा सोप्या मराठीत बायबल असावे, म्हणून रमाबाई स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकल्या व अखेरची अनेक वर्षे भाषांतराला बसल्या; त्याचे छापखान्यातील खिळे (अक्षरांचे साचे) जुळवण्याचे आणि छपाईचे काम सदनातील स्त्रियांनीच केले. जुलै १९२१ मध्ये मनोरमा वारली. ऐकू न येणाऱ्या आणि एकुलती एक मुलगी गमावलेल्या या बाईंनी हातचे काम सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले.

रमाबाईंना मी मुद्दाम आठवते, कारण त्यांच्या आशेने त्यांना घरात बसवून ठेवले नाही. स्वर्गाकडे डोळे लावलेल्या माणसाला या जगाचे काही पडलेले नसते, असा आक्षेप आमच्यावर घेतला जातो, आणि आमच्यापैकी काहींच्या वागण्यामुळे तो खरा वाटतो. पण मरण हा शेवट नाही असे जो खरोखर मानतो, त्याला दुष्काळी गावात जायला भीती वाटत नाही, आणि द्वेषाने भरलेला मजकूर वाचल्यावर त्याच शेजाऱ्याकडे सणाच्या करंज्या घेऊन जाणेही त्याला जड जात नाही. माझ्या गोळ्या काढून देणारी मुलगी ख्रिस्ती नाही. तिच्यासाठी मी रोज प्रार्थना करते, हे तिला ठाऊक आहे, आणि तिच्या आईने ते आनंदाने मान्य केले आहे.

या सणाच्या निमित्ताने सर्व पंथांच्या पाळकांना आणि धर्मगुरूंना माझी नम्र विनंती आहे. आजाऱ्यांसाठी प्रार्थना जरूर व्हाव्यात, परंतु चालू औषधे कोणीही बंद करू नयेत, असे त्याच व्यासपीठावरून सांगितले जावे. महिन्यातून एकदा तरी घराबाहेर पडू न शकणाऱ्यांकडे प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतील पवित्र भाकर व द्राक्षारस, नेले जावे आणि त्यांच्यापाशी घाई न करता बसले जावे. आणि उपासनेत साक्षीची, म्हणजे आपला अनुभव सर्वांसमोर सांगण्याची, वेळ असते, तेव्हा बरे झालेल्यांबरोबर बरे न झालेल्यांनाही बोलू द्यावे. ज्यांना उठून पुढे येता येत नाही, त्यांच्या जागेवर ध्वनिक्षेपक नेऊन द्यावा.

आपली विश्वासू,
एक वाचक, अहिल्यानगर