टास्मानियातल्या रिचमंडबद्दल पण लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मे महिन्याची सुट्टी जवळ आली की आपल्या पुरवणीत ऑस्ट्रेलिया टूरचे लेख येतात, मी सगळे वाचते, पण दरवेळी तेच ऑपेरा हाऊस, मेलबर्नची ट्राम आणि गोल्ड कोस्ट. माझी मुलगी होबार्टला शिकते म्हणून आम्ही दोघं मागच्या एप्रिलमध्ये टास्मानियात, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडच्या बेटावर होतो (होबार्ट ही तिथली राजधानी) आणि तिथलं रिचमंड हे गाव बघून आलो, ते काही केल्या मनातून जात नाहीये म्हणून हे पत्र.

होबार्टपासून साधारण 25 किलोमीटर, अर्ध्या तासाचा रस्ता. गाव एवढंसं, कोल नावाची छोटी नदी आणि तिच्यावर दगडी पूल. 1823 ला काम सुरू झालं, 1825 ला पूर्ण झालं आणि आजही त्याच्यावरून गाड्या जातायत, ऑस्ट्रेलियात वापरात असलेला सगळ्यात जुना पूल आहे हा. बांधला कैद्यांनी, म्हणजे ब्रिटनमधून शिक्षा म्हणून जहाजात घालून इतक्या लांब आणून टाकलेल्या माणसांनी, दगडसुद्धा जवळच्या टेकडीवरून त्यांनीच हातगाड्यांनी ओढून आणला. आम्ही पुलाखाली उतरलो, पाण्यात बदकं होती, सकाळच्या उन्हात दगड अगदी गुळाच्या रंगाचा दिसत होता. हात लावला तर छिन्नीचे घाव बोटांना लागतात, दोनशे वर्षांनी सुद्धा.

मग तुरुंग बघितला. हा पण 1825 चा, टास्मानियातल्याच पोर्ट आर्थरच्या प्रसिद्ध कैदी वसाहतीच्याही आधीचा. अंधारकोठडीत मी आत जाऊन उभी राहिले आणि हात पसरायला गेले तर पूर्ण पसरताच येईनात, दोन्हीकडे भिंत. तिथल्या मूळ लोकांचा उमारा नावाचा एक पुढारी, गोऱ्यांशी लढत होता, त्याला 1828 मध्ये पकडून याच तुरुंगात ठेवलं होतं. त्याचीच जमीन आणि तोच कैदी, मला तर तिथे बोलवेचना. फोटो काढायचे राहिले ते राहिलेच.

आणि गाव टिकलं कसं तर 1872 मध्ये जवळच्या सोरेल गावाला खाडीत भराव घालून नवा रस्ता झाला, सगळी वाहतूक तिकडून जायला लागली आणि रिचमंड बाजूला पडलं, मग जुनी घरं पाडून नवी बांधायची कुणाला गरजच पडली नाही. आज त्याच घरांमध्ये दुकानं आणि बेकऱ्या आहेत. (करी पावडर घातलेला स्कॅलॉप पाय (pie) मिळतो तिथे, म्हणजे शिंपल्यातल्या मांसाचं सारण भरलेला बेकरीतला पदार्थ, पिवळाधमक, मासे खाणाऱ्यांनी सोडू नका.)

आम्ही असतानाच एका टूर कंपनीची बस आली, आपलीच माणसं होती, मराठी बोलणं ऐकून इतका आनंद झाला! पण त्यांना मिळाली चाळीस मिनिटं, पुलावर ग्रुप फोटो, आईस्क्रीम आणि चला बसमध्ये. एक आजोबा तुरुंगाची पाटी वाचत थांबले होते त्यांना हाक मारून मारून नेलं हो.

तर माझी विनंती अशी की पुरवणीत एकदा रिचमंडवर सविस्तर लेख द्या, त्यात तुरुंगाबद्दल आणि उमाराबद्दल पण लिहा, आणि टूर बुक करताना तिथे अर्धा दिवस तरी मागून घ्या असं वाचकांना नक्की सांगा. लोक आत्ताच बुकिंग करतायत.

आपली नियमित वाचक,
चिंचवड